नंद्या, फॉरमॅट मारू नकोस

प्रिय नंद्या,

तुझं पत्र मिळालं. तीन पानं लॅपटॉपला शिव्या आणि शेवटी एका ओळीत प्रश्न: 'फॉरमॅट मारू की भंगारात घालू?' स्वतःच्या तब्येतीबद्दल एक अक्षर नाही, पण यंत्राच्या दुखण्याचं वर्णन असं केलंयस की वाचताना मलाच धाप लागली. सुरू व्हायला दहा मिनिटं, साधं फोल्डर उघडायला एक, आणि काम रंगात आलं की स्क्रीन काळी.

दोन्ही करू नकोस. निदान हे पत्र वाचून होईपर्यंत तरी थांब.

गेल्या वर्षी माझ्या लॅपटॉपनं (वय वर्षं नऊ) हेच सगळे खेळ केले होते. तेव्हा तुला कळवलं नाही, कारण त्या कहाणीत माझा मूर्खपणाच जास्त होता. जो भेटेल तो म्हणायचा, 'फॉरमॅट मार, नव्यासारखा पळेल.' मारला, म्हणजे सगळी डिस्क पुसून विंडोज नव्यानं घातली. दोन दिवस पळालाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा ब्लू स्क्रीन, म्हणजे विंडोज कोसळल्याची ती निळी पाटी. आजार गेला नाहीच, वर विंडोजनं आधीच्या प्रत्येक क्रॅशची जी नोंद ठेवली होती, ती माझ्याच हातानं पुसली गेली. चोरी झाल्यावर पोलीस यायच्या आधी घरमालकानंच फरशी पुसून लख्ख करावी, तसं. शिवाय घाईत 'डेस्कटॉपवर काय एवढं असणार' म्हणून जे एक फोल्डर मागे सोडलं, त्यात आईच्या आवाजातलं रेकॉर्डिंग होतं. ते गेलं. त्यावर जास्त लिहीत नाही.

म्हणून सगळ्यात आधी, आजच्या आज, जी गोष्ट तुझ्याकडे दुसरीकडे कुठेच नाही ती बाहेरच्या डिस्कवर उतरवून घे. सिनेमे आणि सॉफ्टवेअर राहू दे, ती पुन्हा मिळतात. फोटो, लिखाण, हिशेबाच्या फायली, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, हे आधी. आणि कुणी 'चेकडिस्क चालव, बॅड सेक्टर (डिस्कवरच्या खराब जागा) दुरुस्त होतील' असं सुचवलं तर कॉपी पुरी होईपर्यंत ऐकू नकोस. ती तपासणी सगळी डिस्क या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचत जाते. मरायला टेकलेल्या डिस्कला तेवढी दगदग पुरते.

आता मुद्द्याचं. तू लिहिलंयस, 'लॅपटॉप स्लो आहे आणि बंद पडतो', जणू ही एकच तक्रार. मीही तसंच धरून चाललो होतो आणि त्यातच माझे दोन महिने गेले. हळू चालणं वेगळं, बंद पडणं वेगळं. कधी दोन्हींचं मूळ एक असतं, कधी नसतं. माझ्याकडे तर एकाच वेळी तीन वेगवेगळी दुखणी निघाली, आणि तिन्ही एकमेकांच्या आड लपली होती.

आधी हळू चालण्याचं बघ. त्यात पहिली एक गंमत. तू रोज रात्री लॅपटॉप शटडाऊन करतोस ना? विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची एक सोय आली आहे. शटडाऊन केलं की तुझे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आहे त्या अवस्थेत डिस्कवर लिहून ठेवला जातो आणि सकाळी तसाच उचलला जातो. आत साचलेला गोंधळही मग तुझ्यासोबत झोपतो आणि तुझ्यासोबत उठतो. रिस्टार्ट केलं की मात्र सगळं खरोखर नव्यानं सुरू होतं. टास्क मॅनेजरमध्ये (कोण किती राबतंय ते दाखवणारी विंडोजची खिडकी) 'परफॉर्मन्स'वर जा आणि सीपीयूखाली, म्हणजे प्रोसेसरखाली, 'अप टाइम' बघ: शेवटचं खरोखर नव्यानं सुरू झाल्याला किती वेळ झाला, ते. रोज न चुकता बंद होणाऱ्या माझ्या लॅपटॉपचा अप टाइम ३७ दिवस निघाला!

हा टास्क मॅनेजर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की उघडतो. लॅपटॉप रखडलेला असेल तेव्हाच उघड. बरा असताना ताप मोजून काय मिळणार? सीपीयू, मेमरी आणि डिस्क, या तीन रकान्यांपैकी कोणता लाल-केशरी होतोय ते बघायचं. माझ्याकडे डिस्क सतत १०० टक्के, आणि प्रत्यक्ष वाचन-लेखन सेकंदाला एक एमबीसुद्धा नाही. मी आधी समजलो की कुठला तरी प्रोग्रॅम डिस्कला राबवतोय, म्हणून एकेक प्रोग्रॅम मारत सुटलो. पण १०० टक्के म्हणजे डिस्क पूर्ण वेळ गुंतलेली आहे, एवढंच. काम किती उरकतंय हे तो आकडा सांगत नाही. ते कळतं 'ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम' या आकड्यावरून. धडधाकट हार्ड डिस्कला एखादी गोष्ट आणून द्यायला दहा-वीस मिलिसेकंद लागतात. माझी हजाराच्या पुढे होती.

आपल्या जुन्या लॅपटॉपमधली हार्ड डिस्क बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. हवी ती माहिती तबकडीवर जिथे असेल तिथपर्यंत सुई सरकायला हवी आणि ती जागा सुईखाली फिरत यायला हवी. त्यामुळे इथून एक तुकडा, तिथून एक तुकडा असं वाचायचं असेल तर सेकंदाला शंभराच्या आतच तुकडे हाती लागतात. विंडोज सुरू होताना असे हजारो तुकडे मागते. एसएसडीत, म्हणजे चिपांवर माहिती ठेवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारं काहीच नसल्यामुळे तीच मागणी सेकंदाला हजारोंनी पुरी होते. म्हणून जुन्या लॅपटॉपमध्ये एसएसडी बसवली की माणसं 'प्रोसेसर बदलला का?' असं विचारतात. प्रोसेसर आधीही बरा होता, बिचारा वाट बघत बसलेला असायचा.

पण नुसती जुनी डिस्क आणि मरणारी डिस्क यात फरक आहे, आणि तो डिस्कलाच माहीत असतो. प्रत्येक डिस्क 'स्मार्ट' नावाची स्वतःची नोंदवही ठेवते. क्रिस्टलडिस्कइन्फो हा छोटा फुकट प्रोग्रॅम ती उघडून दाखवतो. त्यातल्या तीन ओळी वाच: 'रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर्स', म्हणजे खराब झाल्या म्हणून वगळलेल्या जागा, 'करंट पेंडिंग', म्हणजे वाचता येत नाहीत म्हणून संशयित ठरलेल्या, आणि 'अनकरेक्टेबल', म्हणजे हात टेकलेल्या. पहिल्या ओळीत थोडासा आकडा असेल आणि तो महिनोन्‌महिने हलत नसेल तर एक वेळ चालतं. दुसरीत आकडा असेल आणि तो आठवड्या-आठवड्याला वाढत असेल तर त्या डिस्कवर नवीन काहीही ठेवू नकोस. माझ्याकडे दुसरी ओळ सोमवारी ८ होती आणि शुक्रवारी ५६. फॉरमॅटनंतर दोन दिवस बरं का वाटलं तेही तेव्हा कळलं. नव्या विंडोजच्या फायली योगायोगानं बऱ्या जागेवर पडल्या होत्या, इतकंच.

तुझ्याकडे मेमरीचा रकाना भरत असेल तर प्रश्न सोपा आहे. तुझ्या लॅपटॉपमध्ये चार जीबी रॅम (म्हणजे हीच मेमरी) आहे असं लिहिलंयस. आजच्या ब्राउझरचे दहा-बारा टॅब तेवढ्यात मावत नाहीत, मग विंडोज उरलेलं डिस्कवर लिहायला लागते, आणि डिस्कची कथा आत्ताच ऐकलीस. आठ जीबी कर. फक्त विकत घेण्याआधी रॅमचा प्रकार डीडीआर३ आहे, कमी व्होल्टेजची डीडीआर३एल आहे की डीडीआर४, ते नीट बघून घे. डीडीआर४ची खाच वेगळी असते, आणि काही लॅपटॉपांत रॅम मुख्य बोर्डावरच, म्हणजे मदरबोर्डवरच, डकवलेली असते, तिथे तुझं-माझं काही चालत नाही.

स्टार्टअपच्या यादीतले पाहुणे, म्हणजे लॅपटॉपबरोबर आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम, बंद कर. दोन अँटीव्हायरस एकदम ठेवले असतील तर एक काढ, ते एकमेकांच्या मागे लागतात. आणि 'पीसी बूस्टर', 'रजिस्ट्री क्लीनर' असली नावं दिसली की तिथून उठ. मी त्यातला एक घातला होता. त्यानं बाराशे 'एरर' शोधून काढले, त्यातला एकही माझ्या दुखण्याचा नव्हता, आणि स्वतः मात्र रोज सकाळी स्टार्टअपच्या यादीत पहिला नंबर लावून बसायचा.

तर मी एसएसडी बसवली. लॅपटॉप अर्ध्या मिनिटात सुरू व्हायला लागला. मी दोन दिवस हवेत. आणि तिसऱ्या दिवशी, पुन्हा एकदा तिसऱ्याच दिवशी, फट्‌कन बंद.

इथून दुसरी तक्रार. नंद्या, 'बंद पडतो' हे वर्णन फार मोघम आहे. तू मला नक्की सांग की कसा बंद पडतो. एक प्रकार म्हणजे दिवा विझल्यासारखा, काही न बोलता, एका क्षणात. दुसरा म्हणजे ब्लू स्क्रीन येते, रडका चेहरा दिसतो आणि रिस्टार्ट होतो. तिसरा म्हणजे बंद होतच नाही, हँग होतो: माउस गोठतो, गाणं एकाच सुरावर अडकतं, आणि बटण दाबून धरल्याशिवाय सुटका नसते. तिन्हींना आपण 'क्रॅश' म्हणतो, पण तिन्हींचे संशयित वेगळे.

दिवा विझल्यासारखा जातो तेव्हा आधी उष्णता आणि वीज या दोघांकडे बघायचं. प्रोसेसर तापला की आधी स्वतःचा वेग उतरवतो (हळू चालण्याचं हेही एक कारण, आणि लोक ते विसरतात), आणि तरीही ताप उतरला नाही तर जळण्याऐवजी झटक्यात बंद होतो. बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरांची वेग उतरवण्याची हद्द १०० अंशांच्या आसपास असते. एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आकडा बघत बस: काही न करता ५०च्या आसपास असेल तर ठीक, व्हिडिओ लावल्याबरोबर ९५ला भिडला तर दाल में काला.

माझा ९७ला जात होता. फॅन तर जोरात फिरत होता, बाजूच्या जाळीतून मात्र हवा जेमतेम. मागचं झाकण उघडलं. फॅन आणि तांब्याच्या पातळ पट्ट्या यांच्यामधल्या फटीत धुळीचा अक्षरशः नमदा बसला होता, नऊ वर्षांचा, चिमटीत धरून एका तुकड्यात निघाला. बाहेरून फुंकर मारून हा निघत नाही, उलट आत सरकतो. उघडायचं असेल तर चार गोष्टी लक्षात ठेव. चार्जर काढ आणि आतल्या बॅटरीची वायर आधी सोडव. स्क्रू ज्या क्रमानं निघतील तसे कागदावर आकृती काढून त्यावर ठेव, कारण लांब स्क्रू आखूड जागी घातला तर बोर्डाला भोक पाडतो. हवेचा फवारा मारताना फॅनचं पातं बोटानं धरून ठेव, नाही तर तो भिंगरीसारखा फिरून बेअरिंग खराब होतं. आणि प्रोसेसरवरची जुनी थर्मल पेस्ट वाळून खपली झालेली असेल तर पुसून नवी लाव, पण थोडीशीच. ती प्रोसेसर आणि त्यावरचा धातूचा पत्रा यांच्यामधले बारीक खळगे बुजवण्यापुरती असते. जाड थर दिला तर तोच पांघरूण होतो. त्यानंतर माझा आकडा ७८च्या वर गेला नाही आणि फट्‌कन विझणं थांबलं.

तुझ्याकडे तापमान ठीक असूनही विझत असेल तर बॅटरी मेलेली आहे का आणि चार्जरची पिन सैल आहे का, ते बघ. मेलेल्या बॅटरीच्या लॅपटॉपला पिन एक क्षण हलली तरी मरण येतं. तू टचपॅड 'वर आल्यासारखा वाटतो, दाबला जात नाही' असं जाता जाता लिहिलंयस. बाकी सगळं बाजूला ठेव आणि हे आधी तपास. टचपॅडखाली बॅटरी फुगली तर असंच होतं. फुगलेली असेल तर चार्जिंग बंद, लॅपटॉप वापरणं बंद, तिला दाबायचं नाही, टोचायचं नाही, केराच्या डब्यात टाकायचं नाही. लिथियमची बॅटरी पेटली तर विझता विझत नाही. हे काम जाणकाराकडूनच करून घे; इथे मला तुझी हौस नको आहे.

ब्लू स्क्रीन हा त्यातल्या त्यात सभ्य प्रकार. निदान चिठ्ठी लिहून जातो. पण ती चिठ्ठी वाचायच्या आत रिस्टार्ट होतो, म्हणून सिस्टिमच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'खाली 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट'वरची खूण काढून टाक. मग स्क्रीन थांबून राहते, फोनवर फोटो काढता येतो. मागचा हिशेब हवा असेल तर स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप कर. दिवसवार तक्ता उघडतो आणि जिथे काही कोसळलं तिथे लाल फुली असते. ज्या दिवसापासून फुल्या सुरू झाल्या त्याच दिवशी एखादा ड्रायव्हर (एखादा भाग विंडोजला चालवता यावा म्हणून असलेला प्रोग्रॅम) किंवा अपडेट आलेला असेल तर तो काढून बघ. मात्र इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत 'कर्नल पॉवर ४१' दिसलं म्हणून लगेच चार्जर बदलू नकोस. मी बदलला होता. ती नोंद फक्त म्हणते की मागच्या वेळी यंत्र नीट निरोप घेऊन गेलं नाही. का गेलं नाही, हे तिलाही माहीत नसतं.

माझ्याकडे विझणं थांबलं तरी आठवड्यातून दोनदा ब्लू स्क्रीन येतच होती, आणि मजा म्हणजे दर वेळी कोड वेगळा. एकदा मेमरी मॅनेजमेंट, एकदा पेज फॉल्ट, एकदा भलताच कुठला ड्रायव्हर. एकच कोड वारंवार आला असता तर त्याच्या मागे लागलो असतो. दर वेळी साक्ष बदलणारा साक्षीदार दिसला की रॅमवर संशय घ्यायचा, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. कळलं ते फोटोंमुळे. जुन्या डिस्कवरून एसएसडीवर उतरवलेल्या फोटोंपैकी सहा फोटो खालून अर्धे करडे झाले होते. आधी अर्थातच जुन्या डिस्कला शिव्या घातल्या. मग ती बाहेरून जोडून तेच सहा फोटो दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडले, तर सगळे धडधाकट. म्हणजे डिस्कनं नीट दिलं होतं, वाटेत कुणीतरी बिघडवलं. कॉपी होणारी प्रत्येक गोष्ट रॅममधून जाते.

मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर घातला आणि लॅपटॉप त्यावरून सुरू करून रात्रभर लावून ठेवला. सकाळी लाल ओळींनी स्क्रीन भरलेली. यात 'थोडेसे एरर चालतात' असं काही नसतं, एक आला तरी नापास. रॅमच्या दोन स्टिक होत्या. एकेक काढून पुन्हा तपासल्यावर एक निर्दोष सुटली आणि दुसरी सापडली. तीच दुसऱ्या स्लॉटमध्ये घालूनही एरर आले, म्हणजे स्लॉट ठीक, स्टिकच गेलेली. काढली, नवी घातली. त्यानंतर आजपर्यंत ब्लू स्क्रीन नाही.

आता माझी चूक तुझ्या उपयोगी पडू दे. महत्त्वाच्या फायली उतरवून झाल्या की लगेच रॅम तपास, डिस्क बदलण्याच्या आधी. हा टेस्ट पेन ड्राइव्हवरून चालतो, आजारी डिस्कला हातही लावत नाही. आणि रॅम निर्दोष ठरेपर्यंत उतरवलेल्या प्रतीवर विश्वास ठेवून मूळ डिस्क पुसू नकोस. मी जुनी डिस्क आळसानं खणात टाकली होती म्हणून ते सहा फोटो वाचले.

हँगचा प्रकार सगळ्यात चिवट. डिस्क अडकली तरी होतो, रॅमनं होतो, ड्रायव्हरनं होतो. तिथे मी एक युक्ती करतो. लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टिम) पेन ड्राइव्हवर घालून, इन्स्टॉल न करता, तसंच चालवायचं. दिवसभर त्यावर काम करून बघ. तिथेही गोठला तर दुखणं लोखंडात, म्हणजे हार्डवेअरमध्ये, आहे. तिथे ठणठणीत चालला तर विंडोज किंवा डिस्क यांच्याकडे वळ. एका दिवसात अर्धे संशयित सुटतात.

या सगळ्यात एकच पथ्य पाळ: एका वेळी एकच गोष्ट बदल आणि दोन-तीन दिवस बघ. उत्साहात रॅम, पेस्ट, ड्रायव्हर सगळं एका रविवारी उरकलंस तर बरा कशानं झाला ते कळणार नाही, आणि पुन्हा बिघडला तर पुन्हा पहिल्या पायरीवर.

सगळं तपासून, सगळं निर्दोष निघूनही तो विझत राहिला तर मग मदरबोर्ड. तिथे थांब. नऊ-दहा वर्षांच्या लॅपटॉपच्या बोर्डामागे मी लागणार नाही. डिस्क काढून घे, बाहेरून जोडायच्या डिस्कच्या डब्यात बसव, आणि त्याला निरोप दे.

विंडोजचं एक उरलंच. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि ११ला टीपीएम २.० (सुरक्षेची एक सोय, बहुधा चिप) आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. तुझा त्यात बसत नाही. आडवाटेनं ११ घालता येतं म्हणतात, पण मी म्हाताऱ्याला पर्वतावर चढवणार नाही. बरा झाला की मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घाल. तुझं काम म्हणजे लिखाण, मेल आणि व्हिडिओ. मराठी टायपिंगही नीट चालतं. मी तीन महिने तेच वापरतोय, हे पत्रही त्यावरच लिहिलंय.

आता तू एक वही घे आणि आठवडाभर लिही: कधी बंद पडला, तिन्हींपैकी कसा, चार्जर लावला होता का, काय चाललं होतं, हाताला गरम लागत होता का. क्रिस्टलडिस्कइन्फोच्या त्या तीन ओळी आणि ब्लू स्क्रीनचे फोटो पाठव. टचपॅडचं मात्र आठवडाभर थांबवू नकोस, आजच बघ आणि मला फोन कर.

वहिनींना नमस्कार. पुढच्या पत्रात तब्येतीचंही दोन ओळी लिही.

तुझा,
सुऱ्या

ता. क. लॅपटॉपची तारीख दर वेळी मागे जाते आणि मग कुठलीच वेबसाइट उघडत नाही, ते तू भुताटकी म्हणून लिहिलंयस. आतली नाण्याएवढी बॅटरी संपली आहे, बहुधा सीआर२०३२. घड्याळ चुकलं की वेबसाइटची सर्टिफिकेटं ब्राउझरला मुदतीबाहेरची वाटतात आणि तो दार लावून घेतो. झाकण उघडशील तेव्हा तीही बदलून टाक, पण काही लॅपटॉपांत तिला वायर जोडलेली असते, तेव्हा घेण्याआधी बघून घे.